'शांग्री-ला' खरंच कुठे आहे का?

नाही. जेम्स हिल्टन या इंग्रज लेखकाने १९३३ च्या 'लॉस्ट होरायझन' कादंबरीत तिबेटमधला हा काल्पनिक स्वर्ग रचला, तोही तिबेटला न जाता. गंमत म्हणजे या 'पौर्वात्य' स्वर्गाचा प्रमुख लामा मूळचा लक्झेंबर्गचा ख्रिस्ती धर्मगुरू, आणि मठातला हिरवट पोर्सेलिनचा बाथटब अमेरिकेतल्या ओहायोचा! कादंबरीत तिथे माणसं खूप वर्षं जगतात; दीर्घायुष्याचा हा प्रयोग युरोपियनांना छान मानवतो. तिबेटी लोकांना म्हणे तितकासा नाही. मला तरी इथेच सगळं कळून चुकलं. पहिल्या महायुद्धाने पोळलेल्या युरोपला विसावा हवा होता, तिबेट नुसतं नेपथ्य. पुढे २००१ मध्ये चीनने युन्नान प्रांतातल्या झोंगडियनचं नाव बदलून चक्क शांग्री-ला ठेवलं, पर्यटक यावेत म्हणून. त्यामुळे तिकीट काढून 'शांग्री-ला'ला जाता येतं, पण ते हे, कादंबरीतलं नव्हे.