शांघायचं पोस्ट कोणाच्या पैशावर चालायचं?

प्रश्न : जुन्या तिकिटांच्या लॉटमध्ये ड्रॅगनचं चित्र आणि 'शांघाय एल. पी. ओ.' असं छापलेलं एक तिकीट मिळालं. विकणारा १८६५ चं म्हणतो, पण चीनचं पहिलं तिकीट तर १८७८ चं ना? आणि एका शहराचं पोस्ट असेल तर त्याला पैसा कोण द्यायचं?

उत्तर : दोन्ही वर्षं बरोबर आहेत. १८७८ ची तिकिटं चीनच्या कस्टम्स खात्याची, त्या खात्याचे प्रमुख रॉबर्ट हार्ट यांच्या हाताखालची. तुमचं तिकीट त्याआधीचं, शांघायच्या परदेशी वस्तीच्या म्युनिसिपल कौन्सिलचं, एल. पी. ओ. म्हणजे लोकल पोस्ट ऑफिस. त्या काळी चिनी सरकारच्या डाकचौक्या होत्या पण त्या फक्त सरकारी कागदांसाठी, सामान्य चिनी माणूस खाजगी पत्रपेढ्यांकडे जायचा, आणि विलायतेची पत्रं ब्रिटिश, फ्रेंच वगैरे पोस्टांतून जायची. राहिलं काय, तर शहरातल्या शहरातली पत्रं आणि व्यापारी पेढ्यांचा हँकाव, निंगपो, चेफू अशा चीनच्या दुसऱ्या बंदरांतल्या आपल्या शाखांशी चालणारा पत्रव्यवहार. व्यापाऱ्याचा जीव त्याच्यातच अडकलेला, कारण मालाचे भाव आणि बोटींच्या वेळा त्या पत्रांतूनच कळायच्या. मुंबईच्या ससून आणि पारशी पेढ्यांच्या शाखाही तिथे होत्या.

म्हणून १८६३ मध्ये कौन्सिलने स्वतःचं पोस्ट काढलं आणि ते वर्गणीवर चालवलं. पेढीने वर्षाची ठरलेली रक्कम भरायची, मग वर्षभर तिकीट न लावता पत्रं पाठवायची. सुरुवातीला हे शहाणपणाचंच होतं असं मला वाटतं, कारण वर्षाचा पैसा आधी हातात आला की माणसं नेमता येतात, दुसऱ्या बंदरांत एजंट ठेवता येतात, नुसत्या सुट्ट्या पत्रांच्या भरवशावर ते जमलं नसतं. पण ज्याला वर्षात चारच पत्रं टाकायचीत त्याने एवढी वर्गणी का भरावी? अशा बिनवर्गणीच्या लोकांना प्रत्येक पत्राचे पैसे द्यावे लागायचे, आणि त्यांच्यासाठीच १८६५ मध्ये ही ड्रॅगनची तिकिटं आली, किंमत कँडरीन या चांदीच्या वजनाच्या चिनी मापात (१०० कँडरीन म्हणजे चांदीचा एक ताएल). माझ्या मते या पोस्टचं खरं मोठेपण इथे आहे, मोठ्या पेढ्यांसाठी काढलेली सोय तिकिटामुळे कोणालाही वापरता यायला लागली.

प्रश्न : मग हँकाव, चेफूची वेगळी तिकिटं दिसतात ती कुठली?

उत्तर : ती १८९३ पासूनची. आधी या बंदरांत शांघायच्याच शाखा होत्या, मग एकेकाने आपापलं पोस्ट काढलं, चुंगकिंग, अमॉय, वुहू, नानकिंग, सगळ्यांनी. काही ठिकाणी टपाल थोडं आणि तिकिटं भरपूर असा प्रकार झाला, कारण युरोपातले संग्राहक नवीन तिकीट दिसलं की घ्यायचे आणि त्या विक्रीवर खर्च निघायचा. हे मला पटत नाही, पोस्टाचा पैसा पत्र पाठवणाऱ्यांकडून यावा, अल्बमवाल्यांकडून नाही. १८९६ मध्ये बादशहाच्या हुकमाने चीनचं सरकारी टपाल खातं सुरू झालं, पुढच्याच वर्षी शांघायचं पोस्ट त्यात गेलं आणि बाकीच्यांचाही कारभार आटोपला.

एक सांगायचं राहिलं, १८६५ च्या ड्रॅगनच्या तिकिटांची नंतर पुन्हा छपाई झालेली आहे आणि बनावट नमुनेही बरेच फिरतात, तेव्हा कागद आणि छपाई जाणकाराला दाखवल्याशिवाय ते विकायची किंवा आणखी घ्यायची घाई करू नका.