डाग दिसला की लगेच फवारा नको

माणसासारखी झाडालाही प्रतिकारशक्ती असते का? (रामबाग, इंदूर)

असते, पण घडण निराळी. झाडात रक्त नाही, फिरत्या पेशींचा पहारा नाही, म्हणून प्रत्येक पेशी आपलं घर आपणच राखते. तिच्या आवरणावर ग्राहक प्रथिनं असतात. जिवाणूच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा अवघ्या 22 अमिनो आम्लांचा तुकडा किंवा बुरशीच्या भिंतीतलं कायटिन त्यांना भिडलं, की घुसखोर ओळखला जातो. काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि पुढे भिंतीला आतून कॅलोज या चिवट शर्करेचा लेप बसतो. बहुतेक जंतू इथेच अडतात.

गच्चीतल्या टोमॅटोच्या पानांवर तपकिरी ठिपके आलेत. औषध मारू का? (सुदामा नगर, इंदूर)

ताई, आधी पान उजेडात धरून भिंगातून पाहा. टाचणीच्या डोक्याएवढा, कोरडा, आठवडाभर तेवढाच राहिलेला ठिपका म्हणजे अनेकदा झाडाने स्वतःच केलेला बंदोबस्त असतो. जंतूभोवतीच्या पेशी आपणहून मरतात आणि जिवंत पेशीवरच जगणाऱ्या जंतूची उपासमार होते. मला हे दरवेळी थक्क करतं. मात्र ठिपका पसरत असेल, आत वर्तुळात वर्तुळं आणि बाहेर पिवळी कड दिसत असेल, तर तो बहुधा करपा. त्याची बुरशी मेलेल्या पेशींवरही पोसते, तिथे हा उपाय चालत नाही. खालची रोगट पानं काढा, पाणी पानांवर न घालता मुळाशी घाला.

तांबेऱ्याला दाद न देणारा गहू काही वर्षांनी बळी का पडतो? (देवास)

तांबेरा पेशीत स्वतःची प्रथिनं सोडून पहिला पहारा बंद पाडतो. प्रतिकारक वाणाच्या पेशीत अशा एखाद्या प्रथिनावर नजर ठेवणारं दुसरं प्रथिन असतं. झाडाचा एक जनुक आणि बुरशीचा एक जनुक अशी ही जोडी अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ हॅरॉल्ड फ्लोर यांनी 1940 च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवली. बुरशीने तेवढं एक प्रथिन बदललं की पहारेकरी आंधळा. 1998 साली युगांडात आढळलेल्या यूजी99 या तांबेऱ्याच्या प्रकाराने गव्हाच्या एसआर31 या प्रतिकारक जनुकाचं असंच केलं. म्हणून एकाच वाणावर सगळं शेत सोपवू नका.

पाण्यात अ‍ॅस्पिरिन घालावी का? (इंदूर)

1979 साली अ‍ॅस्पिरिनने तंबाखूच्या झाडात विषाणूचा प्रतिकार वाढलेला दिसला होता, कारण ती ज्यापासून बनते ते सॅलिसिलिक आम्ल हा झाडाचा स्वतःचाच इशारा आहे. पण मात्रा चुकली की पानं जळतात. कुंडीत नको.