१९५० च्या दशकातली मास मीडिया संस्कृती फक्त अमेरिकेचीच होती का?

नाही. अमेरिकेचं वेगळेपण वेगात आणि पैशाच्या गणितात होतं. १९५० साली तिथल्या जेमतेम ९ टक्के घरांत टीव्ही होता, १९६० पर्यंत ८७ टक्क्यांच्या आसपास, खर्च जाहिरातदारांचा. ब्रिटनमध्ये बीबीसी परवाना शुल्कावर चालायची, जाहिरातींचा टीव्ही आला १९५५ मध्ये. जपानमध्ये १९५३ ला प्रक्षेपण सुरू झालं, पण संच परवडेनात. म्हणून निप्पॉन टीव्हीने ते चौकाचौकांत बसवले आणि कुस्तीला तुफान गर्दी जमली.

भारताबाबत टीव्हीचा निकष लावूच नका (मुंबईत तो १९७२ ला आला). इथे राज्य सिनेमाचं आणि रेडिओचं. बी. व्ही. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली आणि श्रोते सरळ श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनकडे वळले. शॉर्टवेव्हवर आवाज सारखा वर-खाली व्हायचा, तरीही टूथपेस्टच्या पैशावर चालणारी फिल्मी गाण्यांची 'बिनाका गीतमाला' १९५२ पासून घराघरांत पोचली. हे मॉडेल अमेरिकी वळणाचं खरं, पण माल अस्सल मुंबईचा! शेवटी सरकारला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली. तिच्यावर जाहिराती मात्र १९६७ मध्ये आल्या, सुरुवात मुंबई-पुणे-नागपूरपासून.