जुन्या लेन्ससाठी अडॅप्टर निवडताना

जुनी हेलिओस ४४एम-४ लेन्स सोनीच्या कॅमेऱ्यावर लावायला कोणता अडॅप्टर (दोन्हींना जोडणारी कडी) घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. तुमची लेन्स एम४२ आट्यांची, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या स्क्रूसारखी फिरवून बसवायची आहे आणि कॅमेरा सोनी ई-माउंटचा (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावरची लेन्स बसवायची जागा), त्यामुळे आत काच नसलेला साधा धातूचा अडॅप्टर तुम्हाला पुरेल. एम४२ लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिमी असते, सोनीच्या माउंटपासून सेन्सरपर्यंत १८ मिमी; मधले २७.४६ मिमी अडॅप्टरने भरून काढायचे असतात. ही जाडी जराशी जास्त झाली, तर दूरचा डोंगर कधीच स्पष्ट होत नाही. म्हणून अनेक उत्पादक ती मुद्दाम किंचित कमी ठेवतात, आणि मग लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. ते चालवून घ्यावे.

खरी मेख वेगळीच आहे. या लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते आणि ती दाबली गेल्याशिवाय छिद्राची रिंग एफ/८ वर नेली तरी प्रकाश कमी करणारी आतली पाती उघडीच राहतात. तेव्हा अडॅप्टरच्या आत पिन दाबणारी कडा आहे ना, हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. माझ्या पहिल्या स्वस्त अडॅप्टरला ती नव्हतीच. शिवाय तो माउंटवर सैल बसत असल्याने फोकस करताना लेन्स हलायची, आणि आतील चकचकीत भागामुळे समोरून ऊन आले की छायाचित्रावर पांढुरकी झाक यायची.

अशा अडॅप्टरवरची लेन्स कॅमेऱ्याला ओळखता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यात लेन्सशिवाय शटर चालण्याचा पर्याय सुरू करावा आणि बॉडीत स्थिरीकरण (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) असल्यास तेथे लेन्सची फोकल लेंग्थ म्हणून ५८ मिमी हा आकडा स्वतः भरावा.