आयआयटी हुकली म्हणून वर्ष रिपीट करायचं का?

नागपूरच्या मानेवाडा रोडवर राहणाऱ्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी यंदा बारावी झाली. जेईई मेनला जानेवारीत ९५.८ आणि एप्रिलमध्ये ९६.१ पर्सेंटाइल. आयआयटीसाठीच्या जेईई ॲडव्हान्स्डला रँक आली नाही, एनआयटीत कम्प्युटर मिळत नाही. राज्याच्या सीईटीवर हिंगणा रोडच्या एका खासगी कॉलेजात कम्प्युटर सायन्सची सीट लागते आहे. मेहुण्यांचा मुलगा आयआयटीत आहे. कर्ज काढून मुलीला वर्षभर राजस्थानात कोट्याला क्लाससाठी ठेवावं, असं वडिलांच्या मनात आहे. मुलगी म्हणते, ‘बाबा, माझं नशीबच खराब आहे, आता नाही होत माझ्याच्यानं.’ त्यांचा प्रश्न असा: ‘मोठ्या कॉलेजचं नाव नसेल तर आयटीत पोरीचं काही खरं आहे का?’

सप्रेम नमस्कार,

उत्तर आधीच सांगून टाकतो. सीट घ्या. कोटा नको.

कारण तुमच्याच पत्रात आहे. जानेवारी ते एप्रिल मुलगी जिथे होती तिथेच राहिली. त्या तीन महिन्यांत ती ९० वरून ९६ वर आली असती आणि तिलाच आणखी एक वर्ष हवं असतं, तर मी ‘बसू द्या’ म्हणालो असतो. इथे इच्छा तुमची आहे आणि अभ्यास तिला करायचा आहे. असं वर्ष बहुतेक वेळा वाया जातं. शिवाय ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. म्हणजे पुढची खेप तिची शेवटची, आणि त्याचं ओझं वेगळं.

आता नशिबाचं. मुलगी अगदीच चुकीचं बोलत नाही. मेनला १४-१५ लाख मुलं बसतात, म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे १४ हजारांहून जास्त मुलं. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्याला वजा एक. एका प्रश्नावर पाच मार्कांचा फरक पडतो आणि त्या पाच मार्कांत हजारो मुलं दाटीवाटीनं उभी असतात. त्या दिवशी डोकं दुखत होतं की नाही, एवढ्यावरही कॉलेज बदलू शकतं. पण ९६ पर्यंत पोचणं हे नशीब नाही. ती तिची मेहनत आहे, आणि घरात कोणीतरी हे तिला म्हणायला हवं.

नशिबाचा मोठा भाग मात्र अजून पुढेच आहे: पास होण्याचं वर्ष. २०२१-२२ मध्ये एकट्या टीसीएसनं सुमारे एक लाख फ्रेशर घेतले. दोनच वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, त्याच कंपनीची एकूण माणसं १३ हजारांनी कमी झाली, आणि त्या हंगामात आयआयटीतलीही बरीच मुलं कॅम्पसमधून नोकरी न मिळता बाहेर पडली. २००८ च्या मंदीनंतर ऑफर लेटर हातात असून जॉइनिंगसाठी महिनोन्महिने घरी बसलेली पोरं तुम्हालाही आठवत असतील. संत्र्याचा बहार चांगला आला म्हणजे भाव मिळेलच असं नाही, हे विदर्भातल्या माणसाला मी काय सांगू!

मग नावाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि उगाच खोटा दिलासा मी देणार नाही. पहिल्या नोकरीपुरतं नाव फार चालतं. चांगल्या कंपन्या कॅम्पसवर स्वतः येतात, सीनियर मोठ्या पदांवर बसलेले असतात, त्यांचा एक फोन पुरतो. डेल आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास यावर प्रसिद्ध आहे. नामवंत कॉलेजात प्रवेश मिळूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची कमाई नामवंत कॉलेजातल्या मुलांइतकीच निघाली. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नावाचा खरंच फायदा झाला. देश वेगळा असला, तरी मला त्यातून एवढं दिसतं की ज्यांच्या घरी ओळखी नाहीत, त्यांना कॉलेज त्या मिळवून देतं. तुमच्या घरात आयटीतलं कोणी नाही, म्हणून ही उणीव मुलीला दुसरीकडून भरून काढावी लागेल. सत्या नाडेला आयआयटीत नव्हते, मणिपालला शिकले, हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज तेवढा बाजूला ठेवा. मणिपालहून बाहेर पडलेले बाकीचे सगळे काही मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले नाहीत.

भरून कशी काढायची? माझ्याकडे फायनल इयरची पोरं रेझ्युमे घेऊन येतात. दहातल्या सहांवर ‘फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम’, उरलेल्यांवर ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’. कोणतं हॉस्पिटल, विचारलं की शांत. बरेचदा प्रोजेक्ट पैसे देऊन आणलेला असतो, आणि मुलाखत घेणाऱ्याला ते दुसऱ्या प्रश्नात कळतं. तुमच्या मुलीनं लहानच पण खरं काहीतरी करावं. समजा, हिंगणा रोडच्या ‘आपली बस’च्या वेळा दाखवणारं साधं ॲप. वर्गातल्या ४० जणी ते वापरायला लागल्या की दुसऱ्या दिवशी तक्रारी सुरू: बस आलीच नाही, ॲप बंद पडलं, माझा स्टॉपच नाही त्यात. त्या तक्रारी निस्तरताना जे शिकायला मिळतं त्यावर अर्धा तास बोलता येतं. मुलाखतीत तेच लागतं.

दुसऱ्या वर्षापासून ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर काम. गूगल समर ऑफ कोड या अशा कामाच्या उपक्रमात निवड होते ती प्रस्ताव आणि आधी केलेलं काम बघून. आयआयटीचे प्राध्यापक हवे असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर त्यांची लेक्चर्स फुकट आहेत. आणि शिक्का हवाच असेल तर एम.टेक.च्या प्रवेशाची गेट परीक्षा आहे, तिसऱ्या वर्षापासून देता येते, एम.टेक.ला आयआयटीत जाणारी कितीतरी मुलं साध्या कॉलेजांतूनच आलेली असतात. ओळखींसाठी परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आणि मिहानमध्ये काम करणारे तिच्याच कॉलेजचे सीनियर शोधावेत. लिंक्डइनवर नीट दोन ओळी लिहिल्या तर दहातला एखादा उत्तर देतो, आणि सुरुवातीला एक पुरतो.

कोट्याचं कर्ज काढू नका. त्यातल्या थोड्या पैशांत १६ जीबी रॅमचा बरा लॅपटॉप येईल, तो पहिल्या सेमिस्टरआधी घ्या.

कॅप राउंडमध्ये, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, सीट लागली की सीट ॲक्सेप्टन्सची मुदत आधी बघा. फार थोडे दिवस असतात, आणि दरवर्षी कोणीतरी घरच्या चर्चेतच ती घालवतं. फॉर्म भरताना मुलीला शेजारी बसवा. मेहुण्यांना फोन नंतर करा.