बागेत पक्ष्यांसाठी खोल भांड्यात पाणी ठेवलंय, तरी ते काठावर बसून उडून जातात. मातीचं भांडं घ्यावं की सिमेंटचं? आणि किती दिवस वाट बघायची?

मातीचं की सिमेंटचं ते नंतर बघू, आधी त्यातलं पाणी कमी करा. 'खोल भांडं' वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच विषयावर आमच्या धाकट्या दिरांशी माझा वाद आहे, आणि तो अजून मिटलेला नाही.

दिरांनी हौसेनं बागेसाठी दगडी कुंड आणलं. कडेला नक्षी, मधोमध कमळ, आतून पॉलिश केलेलं आणि कोपरापर्यंत हात जाईल एवढं खोल. मी तेव्हाच म्हटलं, "भावजी, यात पक्षी उतरणार नाही." तर म्हणे, "वहिनी, तहान लागली की येतील मुकाट्यानं." बुलबुल यायचा, काठावरून वाकायचा, चोच टेकते न टेकते तोच नखं सटकायची की गेला जास्वंदीवर. बहुतेक पक्षी चोचीत थोडं पाणी घेऊन, मान वर करून गिळतात. त्यासाठी पाय घट्ट रोवायला जागा लागते. पारवे चोच बुडवून सरळ ओढून पितात, त्यामुळे कुंडावर पारवे तेवढे जमायचे, आणि दीर मला बोलावून दाखवायचे. पुढे साळुंकीचं उडायला शिकणारं पिल्लू त्यात पडलं. मी बाहेर काढलं म्हणून वाचलं. त्यात विटांचे तुकडे आणि खडी भरा म्हटलं, तर कमळ झाकलं जातं म्हणे!

मग मी माझ्या कोपऱ्यात कुंडीखालची मातीची ताटली ठेवली. कडेला बोटाच्या एका पेराहूनही कमी पाणी, मध्ये जेमतेम दोन पेरं, आणि पाण्याबाहेर डोकं काढलेला एक खडबडीत दगड. वर फांदीला बारीक भोक पाडलेली बाटली, थेंब थेंब गळणारी. साचलेलं पाणी नजरेआड राहू शकतं, पडणाऱ्या थेंबाची हालचाल आणि आवाज पक्ष्यांना लांबूनही कळतो. तिथे दयाळ आला. आधी दगडावर, मग पाण्यात. छाती बुडवून पंख असे थरथरवले की अर्धी ताटली बाहेर. दिरांचं म्हणणं, मी दाणे टाकले असणार. अहो, दयाळ किडे खाणारा पक्षी, तो दाण्यांकडे ढुंकूनही बघत नाही! पाण्याची खरी गंमत हीच आहे, दाण्याला कधी न येणारे पक्षीही पाण्याला येतात. शिंजीर मात्र ताटलीत सहसा उतरत नाही. झाडांवर पाणी मारलं की ओल्या पानांत अंग घासून आंघोळ उरकतो.

तर भांडं मातीचं घ्या नाहीतर सिमेंटचं, फक्त आतून खरखरीत असू दे आणि मध्यभागीही 5 सेंटिमीटरपेक्षा खोल नको. धातूचं उन्हात तापतं. खिडकीच्या मोठ्या काचेसमोर ठेवू नका, पक्षी आपटतात.

पाणी रोज ओतून नवं भरा. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे रोज बदललंत तर "डास होतील" म्हणणाऱ्यांचं तोंड आपोआप बंद. शेवाळ ब्रशनं घासून काढा, साबण नको. पाण्यात साखर, मीठ, औषध काहीही घालू नका. पिसं फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसला तर भांडं थोडे दिवस उचलून ठेवा, एकाच पाण्यातून आजार पसरतात.

किती दिवसांत येतील ते आसपास झाडी किती आणि दुसरीकडे पाणी किती यावर आहे, तारीख कोणी देऊ शकत नाही. झुडूप दोन-तीन मीटरवर असावं, म्हणजे भिजलेल्या पक्ष्याला पटकन आडोसा मिळतो. अगदी खेटून नको, तिथे मांजर दबा धरून बसतं. आणि तुमचंच मांजर बागेत मोकळं फिरत असेल तर भांडं ठेवूच नका.