वाचक विचारतात : वालबोरीची शेकोटी

प्रश्न : लेक-जावई स्टॉकहोमला असतात. ३० एप्रिलला वालबोरीच्या, म्हणजे वसंताच्या स्वागताच्या स्वीडिश सणाच्या शेकोटीला पाच वर्षांच्या नातीला न्यावं का?

उत्तर : जरूर न्या, पण दुपारी तिला झोपवा. तिथे त्या दिवशी सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि मोठ्या शेकोट्या बहुधा त्याच वेळी पेटतात. स्कान्सेन या स्टॉकहोममधल्या खुल्या संग्रहालयात गायनवृंदाची वसंतगीतंही ऐकायला मिळतील.

वारा पाठीवर घेऊन उभे राहा, म्हणजे धूर आणि ठिणग्या पलीकडे जातात. वारा फिरला की लगेच जागा बदला. नायलॉनचं जाकीट नको, एका ठिणगीने वितळून भोक पडतं. लोकरीचे कपडे उत्तम. शेकोटीकडे तोंड असलं तरी पाठ गारठते, म्हणून टोपी-मोजे हवेतच. हवा कोरडी आणि वारा जोराचा असेल तर शेकोटी ऐनवेळी रद्द होते. निघण्यापूर्वी चौकशी करा.